काळ्या पोलोसाठी बफिंग पॅड कोणतं? सात रंगांचा संच घ्यावा का?

गोदाकाठचा, नाशिक

नमस्कार मंडळी. इथे वाचतो बरंच, लिहितोय पहिल्यांदाच.

जुनी फोक्सवॅगन पोलो घेतलीय, २०१२ ची, काळी. इंजिन उत्तम, टायर नवे, तक्रार फक्त रंगाची. पार्किंगमध्ये उभी असली की झकास दिसते. सकाळी दहाच्या उन्हात बाहेर काढली की बॉनेटवर, दारांवर गोल गोल ओरखड्यांचं जाळं. सोसायटीत गाड्या पुसायला येणारा मुलगा एकच बादली आणि एकच फडकं घेऊन दहा गाड्या उरकतो. आधीच्या मालकाकडेही तीच पद्धत असणार. आता ते पुसणं बंद केलंय, पण झालेलं जाळं काही आपोआप जाणार नाही.

शेजाऱ्यांनी त्यांची गाडी एका ठिकाणी रबिंग-पॉलिशला दिली होती. दोन तासांत गाडी हातात. पंधरा दिवस चकाचक, मग पावसात दोनदा भिजली आणि जुने ओरखडे परत हजर, वर उन्हात तेलकट पट्टे. ते बघून ठरवलं की आपण घरीच करायचं, सावकाश.

मशीन आलंय. डीए पॉलिशर (पॅड फिरतं आणि डगमगतंही), १५ मिलिमीटर थ्रो (म्हणजे त्या डगमगण्याची रुंदी), ५ इंची बॅकिंग प्लेट, जिच्यावर पॅड चिकटतं. सोबत एक नारिंगी फोम पॅड आलं, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. आता गाडं अडलंय ते पॅडवर. एका ठिकाणी लिहिलंय पिवळं पॅड म्हणजे कटिंगचं, ओरखडे घासून काढणारं, कडक. दुसरीकडे पिवळं म्हणजे फिनिशिंगचं, शेवटची चमक आणणारं, मऊ. ऑनलाइन सात रंगांचा संच स्वस्तात मिळतोय, ५, ६ आणि ७ इंच अशा तिन्ही मापांत. दुकानदार म्हणतो फोम विसरा, लोकरीचं घ्या. मित्र म्हणतो मायक्रोफायबरशिवाय दुसरं बघूच नको.

पॅडसाठी तीन हजार बाजूला काढलेत. एक मध्यम पॉलिश आणि एक फिनिशिंग पॉलिश घेऊन झालंय. आणखी एक, आधीच्या मालकाने बॉनेट एकदा रंगवून घेतलं होतं, असं तो स्वतःच म्हणाला. त्याने पॅडच्या निवडीत काही फरक पडतो का?

घाटावरचा, पुणे

लोकर आणि रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन. विषय संपला. आमच्या ओळखीचा पेंटर कित्येक वर्षं तेच वापरतो, एका हातात सगळं साफ. डीए म्हणजे खेळणं हो, त्याने फक्त वॅक्स पसरवायचं.

रंगारी, सांगली

घाटावरचे दादा, तुमचा पेंटर बरोबर करतोय, पण त्याचं काम वेगळं आहे. मी पेंट बूथवर होतो तेव्हा लोकर आणि रोटरी हेच माझंही हत्यार होतं. नवीन रंग मारला, त्यात धूळ बसली, ती २००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून काढली की पेपरच्या रेघा उडवायला लोकरच लागते. फडक्याने पडलेल्या ओरखड्यांना ती लागत नाही. आणि रोटरीवर लोकर फिरवून गाडी तशीच दिली की जे तेलकट पट्टे उन्हात दिसतात, तेच नाशिककरांच्या शेजाऱ्यांनी विकत आणलेत. त्याला होलोग्राम म्हणतात. रोटरीने ते पडतात हे खरं, पण त्यानंतर मऊ फोमचा हात मारला तर निघूनही जातात. दोन तासांत गाडी द्यायची म्हटल्यावर तो दुसरा हात कोण मारणार? पॉलिशमधल्या तेलाने सगळं झाकायचं आणि चावी द्यायची. तेल धुतलं गेलं की जुने ओरखडेही वर.

आता नाशिककर, तुमचं.

सात रंगांचा संच घेऊ नका. रंगाला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही, प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं पंचांग. रूपेसचं निळं कडक, हिरवं मध्यम, पिवळं फिनिशिंगचं, पांढरं त्याहून मऊ. लेक कंट्रीच्या नेहमीच्या पॅडमध्ये पिवळं म्हणजे कटिंग, नारिंगी हलकं कटिंग, पांढरं पॉलिशिंग, काळं फिनिशिंग. म्हणजे तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त कंपन्या दोन. आणि त्या बिननावाच्या संचात तर रंग हा नुसता रंग असतो. माझ्याकडे गिऱ्हाईक असे संच घेऊन येतात. डोळे मिटून अंगठ्याने एकेक पॅड दाबून बघा म्हणतो. सातातली तीन-चार तरी हाताला सारखीच लागतात. तुमचं ते नारिंगी पॅडही असंच तपासा. अंगठा सोडल्याबरोबर फोम ताडकन वर आला आणि गालावर घासून खरखरीत लागला तर कटिंगकडचं. हळू वर आला आणि मऊ लागला तर फिनिशिंगकडचं. काही पाकिटांवर पीपीआय म्हणून इंचातल्या छिद्रांचा आकडा असतो, पण त्यावर एकट्यावर जाऊ नका. छिद्रं तितकीच ठेवून फोम कडकही करता येतो आणि मऊही.

घ्यायचं काय? एकाच कंपनीची दोन जातींची पॅड. मध्यम पॉलिशिंग फोम चार, मऊ फिनिशिंग फोम दोन. बस. तीन हजारांत बसतंय का ते बघून घ्या. लोक सात प्रकारांचं एकेक घेतात आणि सगळी गाडी एकाच पॅडवर ओढतात, तिथेच घोळ होतो. हिशेब करा: बॉनेट, टप, चार दारं, पुढचे दोन फेंडर, मागचे दोन क्वार्टर, डिकी, दोन बंपर. तेरा पॅनेल झाली. एका पॅडवर दोन पॅनेल झाली की फोमच्या छिद्रांत पॉलिश आणि निघालेलं लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून लगदा बसलेला असतो, मधला भाग गरम झालेला असतो, आणि पॅड ज्या जोमाने पहिल्या दारावर कापत होतं त्याच्या निम्म्यानेही कापत नाही. मग माणूस काय करतो? मशीन दाबतो. दाबलं की डीएचं पॅड फिरायचं थांबतं, नुसतं जागच्या जागी थरथरतं. मग म्हणायचं मशीनमध्ये दम नाही. अहो, पॅड बदला.

माप. तुमची प्लेट ५ इंची म्हणजे १२५ मिलिमीटर. पॅड साडेपाच इंची घ्या, जास्तीत जास्त ६. चारी बाजूंनी पाव इंचभर फोम प्लेटच्या बाहेर यायला हवा. बरोबर ५ इंची पॅड लावलं आणि वेल्क्रोवर जरा तिरकं बसलं की प्लेटची कड उघडी पडते, ती फेंडरच्या वळणावर लागली की लॅकरला खाच पडलीच म्हणून समजा. ७ इंची म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मशीनला ते धड फिरवता येणार नाही. जाडी इंचभर किंवा त्याहून कमी. ते दोन इंच जाडीचे गुबगुबीत फोम मिळतात ते रोटरीच्या जमान्यातले आहेत. डीएची १५ मिलिमीटरची हालचाल त्या जाड फोममध्येच जिरते, रंगापर्यंत पोचत नाही. मध्ये भोक असलेलं पॅड मिळालं तर चांगलं. उष्णता सगळ्यात जास्त मध्यावर साठते, आणि भोकामुळे प्लेटवर नेमकं मधोमध बसवताही येतं.

पिलर आणि आरशांसाठी ३ इंची पॅड आणि त्याची प्लेट याच मशीनला लावायचा मोह होईल. धागा जुळेलही. पण मशीनच्या आतलं वजन ५ इंची प्लेटच्या हिशेबाने तोललेलं असतं, छोटी प्लेट लावली की हाताला झिणझिण्या येतात आणि बेअरिंग लवकर जातं. त्या जागा हाताने करा, पॅड बोटांत धरून. वेळ लागतो, पण तिथे ओरखडेही कमी असतात.

मायक्रोफायबर वाईट नाही. डीएवर ते फोमपेक्षा चांगलंच कापतं, कडक लॅकरवर त्याला तोड नाही. पण काळ्या रंगावर ते मागे एक धुरकट झाक सोडतं, ती काढायला फोम लागतोच. शिवाय त्याचे धागे पॉलिशने चिकटले की दर पॅनेलला हवेच्या पाइपने फुंकावे लागतात. तुमच्याकडे कॉम्प्रेसर आहे का? नसेल तर आत्ता नको. जर्मन गाड्यांचं लॅकर कडक असं ऐकाल, बऱ्याचदा खरंही निघतं, पण ऐकीव गोष्टीवर पॅड निवडू नये. तुमच्याच गाडीला विचारा.

ते असं. गाडी धुवा, क्ले मारा (मातीसारख्या वडीने रंगात रुतलेली घाण काढा), सावलीत पॅनेल गार होऊ द्या. पुढच्या दारावर मास्किंग टेपने दीड फुटाचा चौकोन आखा. आधी सगळ्यात मऊ जोडी: फिनिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. काही झालं नाही तर त्याच पॉलिशला मध्यम पॅड. तरी नाही तर मध्यम पॅड आणि मध्यम पॉलिश. जिथे काम झालं तिथे थांबायचं, त्यापुढे जायचं नाही. प्रत्येक वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसा, तेल निघालं की मगच खरं दिसतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा किंवा सरळ उन्हात न्या. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या सुंदर.

नवीन पॅडला पहिल्या वेळी पॉलिश बोटाने सगळीकडे चोळून घ्यावं, पातळ थरात, म्हणजे कोरडा फोम रंगावर घासत नाही. त्यानंतर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. पॉलिश फुकट आल्यासारखं ओतलं की पॅड भज्यासारखं तेल पिऊन बसतं आणि कापायचं सोडून घसरायला लागतं. प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसायची थांबली की दाब जास्त आहे, किंवा मशीन तिरकं धरलंय. दीड-दोन फुटांचा चौकोन, वेग चार-पाचवर, आधी आडवं मग उभं, मागचा पट्टा निम्मा झाकत. हात हळू, सेकंदाला इंच-दीड इंच. एक चौकोन झाला की पॅड नायलॉनच्या ब्रशने घासून घ्या, मशीन चालू ठेवूनच. पॅड जमिनीवर पडलं तर त्या दिवशी ते बाद, धुतल्याशिवाय परत गाडीला लावायचं नाही. वाळूचा एक कण काय करतो ते फडकेवाल्याने दाखवलंच आहे.

बॉनेटने फरक पडतो, फार पडतो. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन असते, त्यात वरचं लॅकर ४०-५०. ओळखीच्या कुणाकडे जाडीमापक असेल तर फिरवून घ्या. बॉनेटवर २०० च्या पुढे आकडा आला तर रंगवलेलं आहे हे नक्की. पण जाडी जास्त म्हणजे लॅकर जास्त असं समजू नका, खाली पुट्टी असते. आणि गॅरेजचं लॅकर कंपनीच्या भट्टीत भाजलेल्या लॅकरपेक्षा सहसा मऊ. म्हणून बॉनेटवर वेगळा चौकोन, दाराचा निकाल बॉनेटला लावायचा नाही. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर ते मापक चालतही नाही आणि उष्णताही कुठे जात नाही. तिथे हात आणखी हलका. दारांच्या कडा आणि बाजूने गेलेली ती धारदार रेघ, दोन्हींवर टेप. कडेवर रंग नेहमीच पातळ असतो.

लांबलं जरा. दुकानात आज गिऱ्हाईक नाही.

पार्किंग_लेव्हल_दोन, पुणे

रंगारीदादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पॅड धुण्याबद्दल लिहिते, कारण ते कुणी सांगत नाही आणि पॅड तिथेच मरतात.

काम झाल्या झाल्या धुवायचं. "उद्या धुऊ" म्हणून पिशवीत टाकलं तर पॉलिश वाळून फोममध्ये दगड होतं. कोमट पाणी, भांड्यांचा द्रव साबण किंवा पातळ केलेलं एपीसी (सर्वकामी क्लीनर), अंगठ्याने मधून बाहेर दाबत जायचं. उकळतं पाणी नको, वेल्क्रो ज्या गोंदाने चिकटवलंय तो सुटतो. पिळायचं नाही, दोन तळव्यांत दाबायचं. मग रिकाम्या बादलीत मशीनला लावून, बादलीच्या आत धरून, वेग दोनवर थोडं फिरवायचं. उरलेलं पाणी भिंतीवर न उडता बादलीत उडतं. (आमच्या लेव्हलच्या भिंतीवर आजही ठिपके आहेत, सेक्रेटरींना ते ओल वाटते.)

सावलीत वाळवा. पावसाळ्यात फोम आतून दोन-दोन दिवस ओला राहतो, ओलं पॅड वापरलं तर पॉलिश पातळ होऊन शिंतोडे उडतात. म्हणून पॅड जास्त हवीत हे आणखी एक कारण. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, शेवटचं खळबळणं मी फिल्टरच्या पाण्याने करते, नाहीतर वाळल्यावर फोम कडकडीत लागतो.

प्रश्न रंगारीदादांना: वॉशिंग मशीनमध्ये टाकली तर?

रंगारी, सांगली

टाकता येतात ताई, गार पाण्यात, जाळीच्या पिशवीत, आणि ड्रायर बंद. पण घरच्यांना विचारून. मी टाकत नाही, एवढ्या पॅडला ब्रश आणि नळ पुरतो. वेल्क्रोच्या बाजूला केस-धागे अडकले तर मात्र काढा, पकड जाते आणि पॅड चालू मशीनवरून उडतं.

एडिसनकर, न्यू जर्सी

इथून गावी येताना मशीन आणू का, असं कुणी विचारण्याआधीच लिहितो, कारण रत्नागिरीच्या भावाने मला नेमकं तेच विचारलं होतं. इकडची मशीन १२० व्होल्टची. तिकडे २३० ला लावलं तर पॉलिश होण्याआधी धूर होईल. वजनदार ट्रान्सफॉर्मर घ्या, तो सांभाळा, त्यापेक्षा तिकडचं मशीन बरं. दुसरं, इथल्या बऱ्याच रोटरीच्या प्लेटला ५/८ इंची धागा असतो, भारतात आणि युरोपात एम१४ चालतो. प्लेट एकमेकांना बसत नाहीत, अडॅप्टर लावावं लागतं.

पॅड मात्र खुशाल आणा. वेल्क्रो सगळीकडे वेल्क्रोच. वजन नाही, सामानात चिवड्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत सहज बसतात. मी भावाला लेक कंट्रीची सहा पॅड नेऊन दिली, तो खूश.

घाटावरचा, पुणे

मान्य, माझा पेंटर पेपरच्या रेघाच काढतो, विचारून आलो. पण डीएने खोल ओरखडे जात नाहीत या मुद्द्यावर मी ठाम आहे.

रंगारी, सांगली

नख अडकतं असा ओरखडा कशानेच काढू नये दादा, लोकरीनेही. तो जाईपर्यंत घासलं तर आजूबाजूचं लॅकरही तेवढंच खाली येतं. त्याच्या कडा गोल करायच्या, उजेडात कमी दिसतो, आणि सोडून द्यायचा. यावर आपलं एकमत व्हायला हरकत नाही.

गोदाकाठचा, नाशिक

सगळ्यांचे आभार. संच रद्द केला. मध्यम चार, मऊ दोन, साडेपाच इंची, एकाच कंपनीची मागवली. मध्यम पांढऱ्या रंगात आली आणि मऊ काळ्या, अंगठ्याने दाबून खात्री केली. ते फुकटचं नारिंगी पॅड मऊ निघालं.

आज पुढच्या डाव्या दारावर चौकोन केला. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश: चमक आली, जाळं तसंच. मध्यम पॅड आणि तेच पॉलिश: थोडं विरळ झालं. मध्यम पॅड आणि मध्यम पॉलिश: अल्कोहोलने पुसून उन्हात बघितलं, जाळं जवळजवळ गेलंय, तीन-चार सरळ रेघा उरल्यात ज्यात नख अडकतं. त्या सोडल्या. मार्करच्या रेघेचा फार उपयोग झाला, मी सुरुवातीला किती दाबत होतो ते तिच्यामुळेच कळलं.

मग बॉनेट. वेगळा चौकोन, मऊ जोडीपासूनच. इथे दोन गोष्टी झाल्या. एक, मऊ पॅडनेच अर्धं जाळं गेलं. दुसरी, म्हणून जरा पुढे जावं असं वाटून पांढरं मध्यम पॅड लावलं, दोन हात फिरवले आणि पॅड उलटून बघितलं तर ते काळं. मळकट वगैरे नाही, चक्क काळं. दारावर पॅड पांढरंच राहिलं होतं, पॉलिशचा राखाडी लगदा तेवढा होता. घाबरून थांबलोय. लॅकर संपलं का?

रंगारी, सांगली

थांबलात हे उत्तम. आता दोनच शक्यता. कंपनीचा रंग असता आणि पॅडला काळं आलं असतं, तर लॅकर जाऊन खालचा रंग उघडा पडला असं म्हटलं असतं. पण दोन हातांत, मध्यम फोमने, डीएवर लॅकर संपत नाही. मला वाटतं तुमच्या बॉनेटवर लॅकर मुळात मारलेलंच नाही. काळा, पांढरा असा साधा रंग असला की गॅरेजमध्ये थेट चमकणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतात, वर लॅकर नाही. काम एका टप्प्यात होतं, खर्च वाचतो. अशा रंगावर पॉलिश फिरवलं की पॅडला रंग येणारच, तो बिघाड नाही. जुन्या काळच्या पांढऱ्या मारुती ८०० वर पॅडला नेहमी पांढरं यायचं.

खात्री करायची असेल तर गाडी उन्हात न्या आणि फेंडर व बॉनेट यांच्या फटीजवळ नाक लावून बघा. पोलोचा तो काळा पर्ल असेल तर फेंडरमध्ये बारीक चमचमणारे दाणे दिसतील. बॉनेटवर ते नसतील, सपाट काळं दिसेल. आणि चौकोनात डाग किंवा रंगाचा वेगळा पट्टा दिसतोय का तेही बघा. दिसत असेल तर पुढे काहीच करू नका, फोटो टाका.

गोदाकाठचा, नाशिक

बघितलं. फेंडरमध्ये दाणे आहेत, निळसर झाक असलेले. बॉनेटवर एकही नाही. इतके महिने गाडी चालवतोय, कधी लक्षातच आलं नाही. आता मात्र लांबूनही बॉनेट वेगळं दिसायला लागलंय, त्याबद्दल तुमचे आभार मानू की नको कळत नाही.

डाग किंवा पट्टा नाही. चौकोन आजूबाजूपेक्षा जास्त काळा आणि स्वच्छ दिसतोय, फक्त टॉर्च तिरका धरला की मध्यम पॅडची हलकी धुरकट झाक दिसते. आता बॉनेट कशाने करू?

रंगारी, सांगली

हा हा. काळ्या गाडीला दोन काळे हे आमच्याकडे आठवड्याला येतं, काळजी करू नका. गिऱ्हाइकाला मी दाखवत नाही, विचारलं तर सांगतो.

बॉनेट सगळं मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश यांवरच करा. अर्धं जाळं गेलं म्हणालात, दुसऱ्या फेरीत आणखी जाईल, राहिलं ते राहू द्या. ती धुरकट झाकही त्यानेच निघेल. वेग तीन-चार, मशीनच्या वजनाएवढाच दाब. बॉनेटसाठी वापरलेलं मऊ पॅड वेगळं ठेवा, त्यात काळा रंग मुरलेला असतो, तो बाकीच्या गाडीवर फिरवू नका. आणि तुमचं ते नारिंगी मऊ निघालंय ना? आधी धुऊन घ्या, मग चौकोनात चालवून बघा, झाक नाही सोडली तर बॉनेटचं पॅड तेच. दोन नवीन मऊ पॅड बाकीच्या गाडीला राहिली.

लॅकर नसलेला रंग उन्हाने लवकर फिका पडतो, म्हणून बॉनेटवर वॅक्स किंवा सीलंट बाकीच्या गाडीपेक्षा जास्त वेळा लावा. पांढऱ्या पॅडला आलेला काळा रंग धुऊन पूर्ण जाणार नाही, डाग राहील, कापायला काही फरक पडत नाही.

नाशिकला आता दुपारी पॅनेल तापत असतील. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी करा, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून पांढरी पूड उडते. एका दिवशी दोन दारं झाली तरी खूप. बंपर सगळ्यात शेवटी, आणि तो करायच्या आधी इथे एकदा विचारा. त्यावरही कुणी रंग मारलाय का ते बघायला हवं.

पार्किंग_लेव्हल_दोन, पुणे

गोदाकाठचे, नारिंगी पॅडचा निकाल नक्की लिहा. माझ्याकडेही मशीनबरोबर आलेलं तसलंच एक पडून आहे.